नानांची लंगडी

आमच्या समोरच्या घरातल्या नानांइतका हळुवार माणूस अख्ख्या चोपडा तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. फक्त ते सांगताना माझी मान वर राहत नाही, तेवढं सांभाळून घ्या. नानांची सारी हयात केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम म्हणून गेली. घडाला जरा ओरखडा गेला की व्यापारी तोंड वाकडं करतो, म्हणून खांद्यावर गादी घेऊन घड तान्ह्या बाळासारखा उतरवायचा. हीच सवय त्यांनी काम सुटल्यावर साऱ्या जगाला लावली. गॅसचं सिलिंडर ते केळीच्या वाळल्या पानांवर टेकवतात. सायकल पंक्चर झाली की ढकलत आणत नाहीत, खांद्यावरून आणतात, तीही गादी घेऊन. "तिले बी जीव शे," म्हणतात. एकदा त्यांच्यासमोर मी दार जरा जोरात लावलं, तर उठून त्यांनी चौकट चाचपली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी दाराचीच माफी मागितली.

गेल्या वर्षी त्यांना रस्त्याच्या कडेला एक बेवारस तांबडी कोंबडी सापडली. डावा पाय मोडलेला, पंख लोंबलेला. तीन दिवस तिला खांद्यावर घेऊन ते मालकाच्या शोधात गल्लोगल्ली फिरले. मालक मिळाला नाही. "कापून टाका" हा सल्ला मात्र घरोघरी फुकट मिळाला. नाना स्वतः मटण आवडीने खातात, पण त्यांचा एक नियम आहे: "जेले हात लावा, तेले दात लावाना नही." त्यांनी बांबूची कामटी लावून, केळीच्या वाळल्या सालीच्या पट्टीने तो पाय बांधला. तिचं नाव लंगडी. रोज सकाळी तिला अंगणात चार पावलं चालवायचे आणि मागून स्वतःही लंगडत जायचे. का, तर म्हणे, "एकलीले लाज वाटस."

आखाडाच्या शेवटच्या रविवारी त्यांना लेकीकडे चाळीसगावला जावं लागलं. लंगडीची टोपली त्यांनी माझ्या ओसरीत आणून ठेवली. "हाई तुमना भरोसे ठेवस, सर," म्हणाले. मी शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेतो. नानांना वाटलं, माणूस भरवशाचा असणार.

श्रावण तोंडावर आलेला, तेव्हा त्या रविवारी घरोघरी कोंबडी शिजणारच. आमच्याकडे रावेरहून मेव्हणे यायचे होते, म्हणून मी आणि बायको बाजारात कोंबडी आणायला गेलो आणि ओळखीपाळखीच्यांशी बोलण्यात तास गेला. तेवढ्यात मेव्हणे आले. कुंडीखालची किल्ली त्यांना ठाऊक होती. ओसरीत बघतात तर टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. बाजारातून आणलेल्या कोंबडीचे पाय बांधलेलेच असतात. दाजींनी तयारी करून ठेवली आहे, असं समजून तो कामसू माणूस बाह्या सारून कामाला लागला. आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो, तर काळ्या मसाल्याचा घमघमाट तिथवर आला होता.

चूक मेव्हण्यांची, पण पाप माझं. एक शब्द न बोलता मी ताटावर बसलो. बायको जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडली. मी जेवलो. दोनदा रस्सा मागून घेतला. चांगला झाला होता, हेही सांगून टाकतो.

आम्ही आणलेली कोंबडीही तांबडीच होती. तिच्या धडधाकट पायाला मी कामटी बांधली. मंगळवारी नाना आले, टोपलीपाशी उकिडवे बसले आणि सावकाश पट्टी सोडू लागले. पट्टी उजव्या पायाला होती. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा त्यांची बोटं गाठीवर होती. मोकळी होताच कोंबडी टुणकन उडी मारून अंगणभर पळाली.

"फारच सुधारली बघा," मी म्हणालो.

नानांनी सोडलेली पट्टी नीट गुंडाळली. मग म्हणाले, "हा. सुधरनी."

दुसऱ्या दिवशी कोंबडी सांभाळल्याबद्दल त्यांनी मला केळीची एक फणी आणून दिली. ती आमच्या घरात काळी पडली.

या कोंबडीलाही ते जिवापाड जपतात. फक्त आता तिच्या मागून लंगडत जात नाहीत. ती पळते आणि नाना ओट्यावर बसून राहतात. आज सांगतोच, असं ठरवून मी वर्षभरात कितीदा तरी समोर गेलो आणि चहा पिऊन परत आलो. मुलांना सत्याचं महत्त्व शिकवताना हल्ली मी फळ्याकडे तोंड करून बोलतो.

आज पुन्हा आखाडाचा शेवटचा रविवार. सकाळी नाना टोपली घेऊन माझ्याच दारात उभे! वाळल्या पानांवर कोंबडी नीट बसवलेली. लेकीकडे निघाले होते. टोपली माझ्या हातात देऊन ते पायरी उतरले, थांबले आणि मागे न वळता विचारलं, "सर, यंदा पाव्हना येतीन का?"

आवाजाला कुठे ओरखडा नव्हता. खाली गादी घालून घड ठेवावा, तसा त्यांनी तो प्रश्न माझ्यापुढे ठेवला होता.

"नाही नाना," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मेव्हण्यांना मी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. सकाळपासून टोपलीपाशी बसून आहे. नाना मंगळवारी येतील. त्यांना सांगावं असं आता काही उरलेलं नाही, तरी मला ते सांगायचं आहे.