धरून सोडलेला मासा

मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, हा काय येडेपणा? आमच्या ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, माझी थट्टा करून राहिले.

पण थट्टा नव्हती. मला सातवा महिना होता, आणि आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. म्हणून दिवस राहिल्याबरोबर सासूबाईंनी फर्मान काढलं की बाळ हातात येईपर्यंत या घरात कोणी जीव मारायचा नाही. आमचं घर बौद्ध, शकुन-अपशकुन मानणाऱ्यांना हसणारं. त्यामुळे त्यांनी पंचशील पुढे केलं. जीव न मारण्याचं शील तर पहिलंच, त्याला नाही कोण म्हणणार? डास चावला तरी आम्ही फुंकर मारून उडवत होतो. मटण-मासळी बंद. आणि आमचे हे तर लहानपणापासून गळ टाकण्याचे वेडे! खमरियाच्या फॅक्टरीतून सुटी मिळाली की निघाले परियटच्या तलावावर.

मग ह्यांनी मोबाइलवर पाहून फ्लाय फिशिंग शोधून काढलं. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. बारक्या गळाला कोंबड्याचं पीस आणि रंगीत दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, लवचिक छडीनं दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवायची आणि माशी अलगद पाण्यावर टेकवायची. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकलेला, म्हणजे मासा लवकर सुटतो. सासूबाईंनी गळ बोटाला लावून पाहिला आणि "चलो, ठीक आहे" म्हणाल्या. मला काही पटलं नाही. म्हटलं, मी स्वतः येऊन पाहते, खरंच सोडता की नाही.

रविवारी सकाळी ऑटो करून गेलो. मी काठावर चटई टाकून बसले. बराच वेळ नुसती दोरी हवेत. मी जांभया देऊन राहिले होते, तेवढ्यात छडी वाकली. तळहाताएवढी तिलापिया होती. ह्यांनी गळ काढला आणि म्हणाले, "हात ओले कर, तूच सोड."

मी ओंजळीत घेतली. तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून पिल्लं सांडली.

आईशप्पथ, जिवंत पिल्लं! जिऱ्याएवढी, नुसते डोळेच दिसत होते. ओंजळीत, साडीवर, मातीत. मी किंचाळले, "अहो, हे काय? हिच्या पोटातून आली का?" ह्यांचाही चेहरा पांढरा पडला. तिलापियाची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, असं ह्यांनी कधीतरी ऐकलं होतं म्हणे. ऐकलं होतं! मग तलावावर आल्यावर ते कुठं गेलं होतं?

मी ओंजळ पाण्यात बुडवली. मासळी सुटली ती थेट खोल गेली. पिल्लं काठाशी घोळका करून राहिली. आम्ही वाट पाहिली, ती काही आली नाही. साडीवरची पिल्लं टिपून पाण्यात सोडली, तर ती तरंगतच राहिली. आणि तेव्हा ध्यानात आलं की मी किंचाळले तेव्हापासून पोटातलं बाळ हललेलं नाही.

"दवाखान्यात जाऊ," हे म्हणाले. मी म्हटलं, घर वाटेतच आहे, आईंना सोबत घेऊ. ऑटोभर मी पोटावर हात ठेवून हालचाल शोधत राहिले.

सासूबाई दारातच होत्या. "काहून वं, तोंड असं काहून उतरलं?"

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. पिल्लं मेली, शील मोडलं, बाळ हलत नाही. वाटलं, आता ह्या छाती पिटून घेतील. त्या मटकन खाली बसल्या.

"तसं काही नसते वं पोरी," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा पोटात होता तेव्हा तुझा सासरा रोज मासे मारून आणे. मीच कापत होती, मीच खात होती. घरात दुसरं होतंच काय?"

मी विचारलं, "मंग ही बंदी काहून घातली?"

"मंग मी काय करू? दोन वेळा तुला दवाखान्यातून रिकाम्या हातानं येताना पाहिलं. घरात बसून नुसती भिऊन राहिली होती मी. काहीतरी करावं वाटलं."

माझ्या डोक्यात सणक गेली. इतके महिने मी मुंग्या पाहून पाऊल टाकलं! माझ्या हातून काही मेलं तर माझं बाळ जाईल, या धाकात जेवले, झोपले. "अहो आई, हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी अशी ओरडले की शेजारीण खिडकीत आली.

आणि बाळानं आतून लाथ घातली.

मी गप्प झाले. सासूबाईंचा हात ओढून पोटावर ठेवला. दुसरी लाथ त्यांच्या हातावरच बसली. त्यांचे डोळे वाहायला लागले, पण हात काही त्या काढेनात.

"थांबली काहून?" त्या म्हणाल्या. "ओरड वं, अजून ओरड."