आज्याची माफी
ओव्याच्या धुरीचा वास आला की सुनेचं पहिलं बाळंतपण आठवते. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिनं दोन दिवस कळा काढल्या आणि शेवटी सिझर झालं. तेव्हा मी तिच्या खाटेपाशीच बोलून गेलो, "आमच्या घरच्या बायांचं पोट कधी फाडा लागलं नाई." तिनं ते ऐकलं. घरी आणल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, लेकराला पाजायची, पण ताटाला हात लावायची नाही. पाचव्या दिवशी पोरगा माझ्यावर खेकसला, "बाबा, दूध आटून राह्यलं तिचं. तुमीच बोलले, आता तुमीच निस्तरा." पण आमच्यात सासरा सुनेशी सरळ बोलत नाही, आणि माफी तर मी सख्ख्या बापाचीही मागितली नव्हती. मी नातीला मांडीवर घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी बसलो आणि त्या इवल्याशा जिवाला म्हणालो, "बाई, तुया आजा येडा हाय. त्याले अशा कळा आल्या असत्या, तर गाव सोडून पळाला असता. तुया मायनं सोसलं, म्हून तू जिती हायेस." तिच्या खाटेखाली शेगडीतला ओवा तडतडत होता. मग भिंतीकडूनच आवाज आला, "बाई, आज्याले म्हणाव, हा भात थंडा झाला. गरम आणा." जन्मात पहिल्यांदा मी कोणाला ताट वाढून नेलं. नात आता शाळेत जाते. आम्हा दोघांचं बोलणं अजून तिच्यातूनच चालते, आणि त्याच्याहून जास्त काही लागत नाही.