मांडवातला तिसरा देश

आमच्या शेताला लागून नाला आहे आणि नाल्यापलीकडे गुजरात. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर तिथलंच, हाकेच्या अंतरावरचं. सोयरीक जुळण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्या पाण्याच्या मोटारीला वीज आमच्या विहिरीवरून जायची, नाल्याकाठच्या जांभळाला बांधलेल्या केबलने. दोन राज्यांच्या कायद्यात ते बसतं का, हे कोणी विचारलं नव्हतं.

तिचं लग्न ठरलं त्याच सुमारास तिकडे युरोपात समुद्राखालची गॅसची पाइपलाइन कोणीतरी उडवली. काकांना, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाला, त्या बातमीचं वेडच लागलं. कोणत्या देशाने निषेध केला, कोणी चौकशी मागितली, कोणी कानांवर हात ठेवले, सगळं आम्हाला जेवताना ऐकावं लागे.

हळदीच्या दिवशी सकाळी व्याह्यांचा फोन आला. केबल तुटली होती आणि ती आमच्या गावातल्या कोणीतरी मुद्दाम कापली, असं त्यांचं म्हणणं. काकांच्या उत्साहाला तर ऊतच आला. त्यांनी फोनवरच घटनेचा निषेध केला, दोन्ही गावांनी मिळून चौकशी करावी अशी मागणी केली आणि यामागे तिसराच देश आहे, असं जाहीर करून टाकलं. व्याही भडकले. कापणारा सापडेपर्यंत नवरदेवाची उष्टी हळद पाठवणार नाही, म्हणाले. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही.

दुपार झाली. बहीण मांडवात पाटावर तशीच बसलेली. मला तिच्याकडे बघवेना, आणि काकांचा असा राग आला होता की टीव्ही उचलून नाल्यात टाकावा. तेवढ्यात तिने वर पाहिलं. मांडवावर घालायचे डहाळे उजाडायच्या आत आणायचा मान काकांचा. त्यांनी त्याच जांभळाच्या फांद्या आणल्या होत्या. पाल्यात केबलचा काळा तुकडा अडकला होता. त्या वेळी शेतीची लाइट नव्हती म्हणून अंधारात केबलवर कोयता पडूनही काका वाचले.

"काका, वर देखा," ती त्या तुकड्याकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाली. "तुम्हना तिसरा देश मांडवमा लटकी ऱ्हायना."

काकांनी तुकडा काढला, खांद्यावर टाकला आणि एकटेच नाला ओलांडून गेले. मग पलीकडून वाजंत्री ऐकू आली. हळदीच्या ताटापुढे काका चालत होते, डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. व्याह्यांनी पहिली हळद त्यांनाच फासली होती. बहीण इतकी हसली की तिला हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले.

रात्री जेवताना टीव्हीवर पुन्हा तीच पाइपलाइन आली. काकांनी कान चोळून पिवळा हात पाहिला.

"त्या लोकेसले बी सांगा," ते म्हणाले, "पहिले आपला मांडव देखा."