गुरुजींनी काढलेला मुहूर्त

जानकीपुरमचे चारुदत्तगुरुजी एका जागी पाच मिनिटं बसत नाहीत. लखनौतल्या मराठी घरांतल्या पूजा तेच सांगतात, आणि हल्ली मंत्रांपेक्षा घराघरांतली रडगाणीच जास्त ऐकतात.

परवा रेल्वेतल्या इंजिनिअरच्या बायकोने, देविकाने, त्यांना मुलासाठी ग्रहशांत करायला बोलावलं. मुलगा महिनाभर खोलीबाहेर आला नव्हता. "नींद नहीं आती, पंडितजी," एवढंच तो म्हणाला. गुरुजींनी पंचांग उघडलं. "गुरुवारी साडेअकराचा मुहूर्त उत्तम आहे. मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे न्या. शांत मागाहून करू."

नुसतं डॉक्टर म्हटलं की लोक टाळतात, मुहूर्त म्हटलं की वेळेआधी पोचतात. अशी सात घरं त्यांनी पाठवली होती.

घरी येरझारा घालत ते हे सगळं बायकोला, माणिकताईंना, सांगत होते. लेक बंगळुरूला गेल्यापासून ताई धड जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या. "या वयात होतं असं," म्हणून गुरुजींनी तो विषय केव्हाच मिटवला होता.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून पंचांग काढून त्यांच्या हातात दिलं.

"आता माझ्यासाठी बघा," त्या म्हणाल्या.