बेसिलचा भाऊ

गिरीजच्या आलोशियस लोपीसला आलोशियस म्हणून हाक मारली तर तो स्वतःसुद्धा वळून बघणार नाही. तो आलोश मेस्त्री. केळीच्या वाडीला लागून पत्र्याची शेड, शेडमागे विहीर, विहिरीमागे घर, एवढाच त्याचा संसार. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डिझेल गाडीचं दुखणं सांगणारा माणूस वसईत एकच, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायचे ते सोडा, तो स्वतः तर म्हणायचाच.

धाकटा भाऊ बेसिल त्याच्याच हाताखाली शिकला. पाना कसा धरायचा इथपासून सगळं आलोशने शिकवलं. मग बेसिल बहारीनला गेला, बारा वर्षं तिथल्या गॅरेजात राबला आणि दोन हजार तीन साली परत येऊन सातिवलीला वर्कशॉप थाटून बसला. काचेची केबिन, केबिनला एसी, गिऱ्हाइकाला बसायला सोफा, आणि गाडीला वायर जोडून दुखणं सांगणारा लॅपटॉप. कान लावायची भानगडच नाही. उद्घाटनाला फादरनी वर्कशॉपवर पवित्र पाणी शिंपडलं तेव्हा आलोश पहिल्या रांगेत उभा होता, आणि पोटात जे कालवत होतं ते भूक समजून त्याने दोन केक जास्त खाल्ले.

भूक कसली? पोटदुखीच ती. पुढच्याच रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात कोणीतरी नवख्या माणसाला त्याची ओळख करून दिली, "हे बेसिलचे भाऊ." पन्नाशी उलटलेल्या माणसाला त्याच्याच गावात, त्याच्याच देवळासमोर! इतकी वर्षं बेसिल हा आलोश मेस्त्रीचा भाऊ होता. बारा वर्षं गाव सोडून गेलेला माणूस येतो काय, आणि नातं उलटं होतं काय. आलोश घरी आला आणि ताट अर्धं टाकून शेडीत जाऊन बसला. रोझी त्याची बायको, तिला कारण विचारायची गरजच पडली नाही.

हळूहळू गिऱ्हाइकं सातिवलीकडे वळायला लागली. जाणारा प्रत्येक जण वर तोंड करून सांगायचा, मेस्त्री, राग मानू नका, शेवटी तुमच्या घरातच गेलो ना. याच्यावर काय बोलणार! उरलं एकच मानाचं गिऱ्हाईक, बोळिंजच्या डॉक्टर वसुंधराबाई. त्यांच्या पहिल्या जुन्या मोटारीपासून वीस वर्षं त्यांची गाडी दुसऱ्या कोणाच्या हाताला लागली नव्हती. आता त्यांनी परदेशी बनावटीची डिझेल घेतली होती, तरी ती आलोशकडेच यायची. ही गाडी ज्या दिवशी सातिवलीला जाईल त्या दिवशी आपलं शटर पाडायचं, असं आलोशने मनाशी ठरवून टाकलं होतं. शेडला शटर नव्हतं, पण तो ठरवायचा तसंच.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर बाईंच्या गाडीतलं इंजिन थंड ठेवणारं पाणी गढूळ झालं. सगळं काढून, आतून धुऊन नवं भरायचं काम आलोशकडे आलं. त्याच रविवारी बेसिल जेवायला आला होता. बोंबलाचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, दादा, ह्या इंजिनाला साधं पाणी चालत नाही, कंपनीचं गुलाबी कूलंट लागतं, माझ्याकडे पडलंय, घेऊन जा. झालं, मिरची झोंबली. कूलंट पाणी गोठू नये म्हणून घालतात, एवढंच आलोशला ठाऊक. आलोशने ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "वसईत काय बर्फ पडतो?" रोझी हसली, बेसिलही हसला, आणि आलोशला वाटलं की आपण जिंकलो. शहाण्याचा कांदा मला माझा धंदा शिकवतोय, असं तो नंतर दोन दिवस इंजिनाशी बोलत होता.

पाण्याच्या बाबतीत मात्र आलोश गाफील नव्हता. टँकरवाल्यांनी आजूबाजूच्या विहिरी उपसून उपसून गोडं पाणी नेलं, तेव्हापासून त्याची विहीर मचूळ झाली होती. साबणाला फेस येईना, डाळ शिजेना, आंघोळीच्या बंबावर आतून पांढरी पुटं चढायची. असलं पाणी गाडीत घालायला तो काय वेडा होता! त्याने बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी कॅनच्या कॅन आणलं, त्यानेच इंजिन धुतलं आणि तेच भरलं. काचेसारखं स्वच्छ. कूलंट नाही की काही नाही, आणि बेसिलला तर विचारलंच नाही.

गाडी नेल्यावर तिसऱ्या दिवशी वसुंधराबाई ती घेऊन परत दारात. समोरच्या काट्यांच्या चौकटीत लाल बत्ती लुकलुकत होती आणि तीनदा पीं पीं वाजत होतं. पाणी कमी आहे, थांबा. आलोशने बॉनेट उघडलं. इंजिनाशेजारची पाण्याची प्लास्टिकची बाटली दोन खुणांच्या मध्ये, पाहिजे तितकी भरलेली. बाई म्हणाल्या, "मेस्त्री, शनिवारी मला आईला घेऊन नाशिकला जायचंय. शुक्रवारपर्यंत जमलं तर बरं, नाहीतर एकदा बेसिलना दाखवते. त्यांच्याकडे मशीन आहे ना." बाई सहज बोलल्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. आलोशच्या अंगाची मात्र लाही लाही झाली.

मग सुरू झाली नकटीच्या लग्नातली सतराशे विघ्नं. आधी त्याने झाकण बदललं, बत्ती तशीच. पाइपात हवा अडकली असेल म्हणून इंजिन चालू ठेवून, हीटर पूर्ण सोडून, रबरी पाइप दाबून दाबून सगळी हवा काढली, बत्ती तशीच. गळती असेल म्हणून रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरला, सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. वायरीची टोकं पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, तरी बत्ती त्याच्याकडे बघून डोळा मारतेच आहे. ह्या गाडीत पाणी मोजणाऱ्या दोन सुया बाटलीच्या प्लास्टिकातच पक्क्या बसवलेल्या असतात, वेगळ्या निघत नाहीत. म्हणून गुरुवारी अंधेरीला जाऊन तो अख्खी नवी बाटली घेऊन आला. बसवली, डिस्टिल्ड पाणी भरलं, चावी फिरवली. पीं पीं पीं. रोझीने चहा आणून ठेवला आणि एवढंच म्हणाली की बेसिलला एक फोन केला तर काय बिघडेल. चहा तसाच गार झाला.

शुक्रवारी दुपारी जे घडलं ते डोक्याने नाही, आळसाने घडलं. जुनी बाटली खरंच खराब होती का, हे बघायला त्याने तिला वायर जोडली. नुसती तपासायची तर आहे, तिला चांगलं पाणी कशाला, म्हणून हाताशी होती ती विहिरीची बादली तिच्यात ओतली. बत्ती विझली. त्याने ते पाणी ओतून टाकलं आणि त्याच बाटलीत डिस्टिल्ड भरलं. बत्ती लागली. परत विहिरीचं भरलं, परत विझली. तीनदा केलं तेव्हा तो स्टुलावर बसला.

वीस वर्षं बॅटऱ्या हाताळलेल्या माणसाला पुढचं कोणी सांगायला नको होतं. त्या दोन सुयांमधून पाण्यातूनच वीज जाते. एका सुईतून दुसरीत वीज पोचली की गाडीला कळतं, पाणी आहे. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जातच नाही. गळ्यापर्यंत भरलेली बाटली गाडीला रिकामीच दिसत होती. मचूळ पाण्यात क्षार, म्हणून ते दिसलं. आणि कूलंटमध्येही तसलीच औषधं असणार, म्हणून कंपनीने कूलंट सांगितलं. म्हणजे बर्फाचा काही संबंधच नव्हता. म्हणजे बेसिलचं बरोबर होतं.

खरं सांगायचं तर आलोशला गाडीचं कोडं सुटल्याचा आनंद एक क्षणसुद्धा झाला नाही. ते गुलाबी कूलंट अख्ख्या वसईत एकाच कपाटात होतं, आणि त्या कपाटाची चावी बेसिलच्या खिशात. स्कूटर काढली असती तर वीस मिनिटांत सातिवली. पण तिथे काचेच्या केबिनीत उभं राहून, सोफ्यावरच्या गिऱ्हाइकांसमोर, दे बाबा तुझं कूलंट, माझं चुकलं, असं म्हणायचं? ज्याचं नाक मी पुसलं त्याच्यापुढे? घड्याळात सव्वाचार झाले होते आणि पाचला बाई येणार होत्या.

आलोशने आजूबाजूला पाहिलं. रोझी वाडीत केळी बघायला गेली होती. त्याने गाडीच्या बाटलीतून थोडं पाणी उपसलं आणि विहिरीचे दोन तांबे आत ओतले. चावी फिरवली. चौकट काळी, शांत. पाचला बाई आल्या, खूश झाल्या, म्हणाल्या, मशीनबिशीन काही नाही, हात लागतो तो मेस्त्रीचाच. चार दिवस आलोश हवेत चालत होता. रविवारी देवळाच्या आवारात त्याने बेसिलला मुद्दाम गाठून सांगितलं की डॉक्टरबाईंची बत्ती विझली, तुझ्या कूलंटवाचून विझली.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. पाणी थोडं कमी झालं की बाई यायच्या, बत्ती जराशी लुकलुकायची, आणि आलोश पाठ फिरवून एखादा तांब्या ओतायचा. पाप एकदाच केलं तर जड जातं, पुढे हाताला सवय होते. मार्चमध्ये कसारा घाटात गाडी तापली. एक धातूचा पाइप आतून झिजत झिजत जाऊन फुटला होता. बाई एकट्या होत्या. टोचन करून गाडी आणली ती सरळ सातिवलीला, कारण टोचनवाल्याला तेवढाच पत्ता ठाऊक होता.

तीन दिवस आलोशने कोणाचं तोंड पाहिलं नाही. बेसिल इंजिन उघडणार, बघणार, आणि आता गावभर. गावभर व्हावं, असंही त्याला मधूनमधून वाटायचं, म्हणजे एकदाचं संपेल. चौथ्या दिवशी, रविवारी, बेसिल आला. कागदात गुंडाळलेला तो फुटका पाइप त्याने ओट्यावर ठेवला आणि शेजारी बसला. पाइपाच्या आत पांढरी पुटं होती. तशीच पुटं घरातल्या बंबावर होती, आणि त्या बंबाच्या पाण्याने बेसिल दर सुट्टीत आंघोळ करून गेला होता.

"पानी आपल्या विहिरीचं आहे, दादा," बेसिल म्हणाला. घरी आला की त्याचं पाणी आपोआप पानी व्हायचं. "मी बाईंना सांगितलं, हायवेवर कुठल्या तरी पंपावर कोणी खारं पानी भरलं असणार. पाइप मी बदललाय. आतलं कूलंट तूच भर, उद्या गाडी तुझ्याकडे पाठवतो." मग त्याने स्कूटरवरून गुलाबी कॅन उतरवून ओट्यावर ठेवला आणि रोझीने दिलेला चहा पिऊन गेला. एका शब्दाने जास्त बोलला नाही. आवाजही चढवला नाही.

आता बघा माणसाची जात. एसी सोसला, सोफा सोसला, लॅपटॉप सोसला. हे मात्र आलोशला सोसेना. बेसिलने शिव्या घातल्या असत्या तर त्याने दोन परत दिल्या असत्या आणि हिशेब फिटला असता. पण हा बाबा चोरी पकडून, झाकून, वर भांडं भरून देऊन गेला. इंजिनात तर मागे टाकलंच होतं, आता चांगुलपणातही पुढे? आलोश त्या रात्री कुशी बदलत राहिला आणि रोझीने शेवटी वैतागून उशी घेऊन ओटी गाठली.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिन तीनदा धुतलं, गुलाबी पाणी मापाने भरलं, हवा काढली. बत्ती विझलेली. वसुंधराबाई आल्या आणि चावी घेताना म्हणाल्या की नशीबवान आहात मेस्त्री, असा भाऊ मिळायला. त्या पंपवाल्याला मात्र पकडायला हवं होतं. एवढ्यावर हो म्हणून हसलं असतं तरी चाललं असतं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक शेडीत राहिलं असतं. आलोशने हात पुसायला घेतलेलं फडकं खाली ठेवलं.

"पंपवाला नाही बाई. ते पाणी मी घातलं. ह्या विहिरीचं."

का, कसं, किती वेळा, सगळं त्याने सांगितलं. चांगला माणूस म्हणून सांगितलं असं कोणी समजू नये. बेसिलने केलेल्या उपकाराचा पेला त्याच्या घशाखाली उतरत नव्हता, म्हणून त्याने तो ओतून टाकला. बाई विहिरीपाशी जाऊन आत डोकावून आल्या. घाटात त्यांच्याबरोबर आई नव्हती, हे बरं झालं, एवढंच म्हणाल्या. मग गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "पण बेसिल माझ्याशी खोटं का बोलले?"

आलोशने खाली ठेवलेलं फडकं परत उचललं.

"तो माझा भाऊ आहे, म्हणून."

जूनमध्ये एकदा नट घ्यायला म्हणून सातिवलीवरून जाताना त्याला वर्कशॉपसमोर ओळखीची गाडी दिसली. बॉनेट उघडं, वायर जोडलेली, वसुंधराबाई काचेआड सोफ्यावर. आलोशने स्कूटर उभी केली. पोटात दुखलं का? दुखलं की. न दुखायला तो काय संत होता? पण बेसिल इंजिनावर वाकला होता आणि लॅपटॉप बाजूला ठेवून, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकत होता. टोक त्याने चुकीच्या जागी टेकवलं होतं. आलोश रस्त्यावरूनच ओरडला, अरे खाली, पाण्याच्या पंपापाशी धर. बेसिलने मान वर न करता टोक खाली सरकवलं. सोफ्यावरच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने आलोशकडे बोट दाखवून केबिनीतल्या माणसाला काहीतरी विचारलं, हा कोण असंच असणार, आणि तो काय म्हणाला ते काचेमुळे आलोशला ऐकू आलं नाही.