वैराटचा काळा गोटा

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं, तेव्हा बाबांनी त्यातला ‘गर्भ’ तेवढा ऐकला. पोरगी बाळंतपणाचं शिकून राहिली, असं त्यांनी दर्यापूरच्या आमच्या अख्ख्या वस्तीत सांगून टाकलं. पोटुशा बायका माझी वाट पाहू लागल्या. खरं कळलं तेव्हा बाबांचं डोकंच फिरलं.

“गोटे शिकाले कालेज काहून लागते? मी जन्मभर सडकेवर गोटेच फोडून राहिलो. तुले त्यातून काढाले शाळेत घातलं ना?”

आम्ही बौद्ध झालो त्याला फार वर्षं झाली नव्हती. पोरांनी शिकायचं, हे बाबांनी मनावर घेतलं होतं. पण शिकून पुन्हा हातोडाच? कॉलेजातून नाव काढून टाकतो म्हणाले. मीही त्यांचीच पोरगी, जेवण सोडलं. शेवटी कॉलेजची सहल वैराटच्या शिखरावर निघाली, तर तेही सोबत आले. आधी पाहतो, मग ठरवतो म्हणाले.

खाली परतवाड्यात मे महिन्याचं ऊन अंग भाजत होतं. चिखलदऱ्याच्या पुढे चढलो तसा वारा गार झाला आणि बाबांनी दुपट्टा कानांना गुंडाळला. कड्यात काळ्या दगडाचे थर एकावर एक बसलेले, मधे तांबड्या मातीचा पट्टा. मी सांगू लागले. जमिनीच्या पोटातून तापलेला रस आला, थंडावून दगड झाला, वरून झिजून तांबडा पडला. मग त्यावर दुसरा रस आला. बाबा नुसते तो दगड नखानं खरवडून पाहत राहिले. माझा धीर सुटत चालला होता.

शिखरावरून वऱ्हाडातली नांगरलेली वावरं दूरवर दिसत होती.

“आन ते काळी माती?”

“ती याच दगडाची, बाबा. ऊन-पाण्यानं फुटून झाली.”

“पाटलाच्या वावरातली बी?”

“सगळ्यांच्याच.”

त्या वावरांत आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली, पण धुऱ्यावर, नुसत्या बांधावरही टेकायची चोरी होती. बाबा खदखदून हसले.

“म्हंजे त्याईची काळी आई बी आपला गोटाच निंगाली.”

मग त्यांनी सरांकडून हातोडा मागून घेतला आणि माझ्या हातात दिला. “फोड बाई. कसा असते आतून, दाखव मले.”

मला रडूच आलं. पहिला घाव हुकला. बाबांनी माझी मूठ धरून दांड्यावर खाली सरकवली आणि म्हणाले, “हं, आता मार.”