नऊ घरांची शांतता

डिंककाका हे नाव त्यांना कोणी पाडलं, ते आता कोणालाच आठवत नाही. एकतीस वर्षं ऑर्केस्ट्राच्या वह्या सांभाळायच्या म्हणजे बोटांना डिंकाचा वास चिकटणारच. घरी जेवायला बसले की बायको आधी त्यांचे हात हुंगायची आणि मगच वाढायची.

काम सांगायला सोपं होतं. साठ-सत्तर जण एकत्र वाजवतात तेव्हा प्रत्येक स्टँडवर त्या त्या वाद्यापुरती स्वरांची वही असते. ती नीट ठेवायची, फाटली तर सांधायची, वेळेवर मांडायची. खरी कसोटी ध्वनिमुद्रणाच्या वेळी. त्या वर्षी रोमँटिक काळातल्या चार सिंफन्या मुद्रित व्हायच्या होत्या. त्या सिंफन्यांची तऱ्हाच न्यारी. आभाळ कोसळल्यासारख्या गर्जतात आणि मग एकाएकी इतक्या हळू होतात की शेजाऱ्याचा श्वास ऐकू यावा. वह्या छापणाऱ्याला त्याचं काय? त्याचं पान नेमकं अशाच जागी संपतं. मग सगळे व्हायोलिनवाले एकदम पान उलटतात आणि मायक्रोफोनला वाटतं, कबुतरांचा थवाच उडाला.

काकांनी यावर स्वतःची युक्ती काढली होती. पुढच्या पानाच्या पहिल्या ओळी ते हाताने चिठ्ठीवर उतरवत आणि ती चिठ्ठी आधीच्या पानाच्या तळाशी चिकटवत. एका स्टँडला एक ओळ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. त्यामुळे एका स्टँडवरची दोघांची जोडी पान उलटत असे तेव्हा बाकीच्यांचे हात वाद्यावर असत, आणि कागदाची सळसळ कुठल्या कुठे विरून जाई. "छापखाना चुकेल, डिंककाका चुकायचे नाहीत," असं वादक म्हणत, आणि ते काही नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

सहा महिन्यांपासून मात्र काकांच्या डोळ्यांत धुकं उतरलं होतं. मोतीबिंदू असणार, हे त्यांनाही कळत होतं. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे रजा मागायची, आणि रजा मागितली की कारण सांगायचं. कार्यालयात आधीच वह्यांऐवजी स्क्रीन बसवायच्या गोष्टी चालल्या होत्या. पायाने बटण दाबलं की पान आपोआप बदलतं म्हणे.

घरी बायकोने एकदा हटकलंच.

"काल दारामागच्या कोटाला 'या, बसा' म्हणालात."

"थट्टा केली."

"कोटाची?"

काका वर्तमानपत्र उघडून बसले. तेही, ती म्हणाली, उलटं धरलं होतं.

या चार सिंफन्या तेवढ्या पार पडू देत, मग काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. भिंगाच्या आधाराने तीन पार पडल्या. चौथीच्या संथ भागाची तालीम चालू असताना ध्वनिमुद्रक काचेमागून म्हणाला, "दुसऱ्या व्हायोलिनकडे पानं वाजतायत." काकांनी संध्याकाळी बसून व्हायोलिनच्या त्या दुसऱ्या गटातल्या पाचही स्टँडच्या नव्या चिठ्ठ्या केल्या आणि सकाळी वह्या मांडल्या. सभागृह त्या दिवसापुरतंच मिळालेलं होतं.

समोर उभं राहून हातांच्या इशाऱ्यांवर सगळ्यांना वाजवायला लावणाऱ्या संचालिकेला सगळे बाई म्हणत. बाईंचा आवाज कधी चढत नसे. चढला असता तर बरं, असं वादकांना वाटे.

संथ भागात एक जागा अशी येते की दुसऱ्या गटाचे व्हायोलिनवाले वाद्य गुडघ्यावर ठेवून गप्प बसतात. स्वर कागदावर उभ्या रेघांनी घराघरांत वाटलेले असतात. गप्प राहून किती घरं मोजायची, तो आकडा वहीत लिहिलेला असतो. इथे नऊ मोजायची आणि दहाव्याला अगदी अलगद शिरायचं. चौथ्या स्टँडवर मोजायचं काम नव्या व्हायोलिनवालीकडे होतं. तिची तीन महिन्यांची चाचणी त्या आठवड्यात संपणार होती. शेजारच्या थोराड वादकाकडे पान उलटायचं काम. तो तिच्या मोजण्यावर डोळे मिटून विसंबायचा.

पहिल्या खेपेला चौथा स्टँड एक घर आधी शिरला. बाईंनी हात खाली केले.

"चौथा स्टँड."

"माझंच चुकलं, बाई," नवी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच झालं. बाईंनी पेन्सिलीने स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि दहा मिनिटांची सुटी दिली. थोराड वादक पुटपुटला, "पोरी, मोजायला बोटं कमी पडत असतील तर माझी घे." ती हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सभागृह रिकामं झाल्यावर काका भिंग घेऊन चौथ्या स्टँडपाशी गेले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, मग पान उलटून छापील ओळ पाहिली. छापलेला होता नऊ. चिठ्ठीवर त्यांच्या हातचा, ठसठशीत, आठ.

काकांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. आठच. खिशात खोडरबर होतं, पेन्सिल होती. अर्ध्या मिनिटाचं काम. तिसऱ्या खेपेला सगळं जिथल्या तिथे बसलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. दोनदा चुकलेली ती पोर मात्र दोनदा चुकलेलीच राहिली असती.

खोडरबर खिशातच राहिलं. सगळे परत येऊन बसले तेव्हा काका चौथ्या स्टँडपाशीच उभे होते. एकतीस वर्षांत वादक जागेवर असताना ते कधी मंचावर थांबले नव्हते.

"बाई, हिचं चुकलं नाही," ते म्हणाले. "चिठ्ठीवर मीच नवाचा आठ केलाय. मला दिसत नाही."

बाई खाली उतरून आल्या, चिठ्ठी पाहिली.

"कधीपासून?"

"सहा महिने."

"म्हणजे आधीच्या तिन्ही सिंफन्या..."

"भिंगाने. दोनदा तपासून. काल एकदाच तपासलं, डोळे पाझरायला लागले."

बाई नवीकडे वळल्या. "तालमीत तुम्ही नऊ मोजत होता. आज आठच मोजून का शिरलात?"

"आत नऊच वाजत होते, बाई. पण चिठ्ठी काकांच्या हातची होती. वाटलं, मीच इतके दिवस चुकत होते."

यावर कोणीतरी हसलं, मग थोराड वादकही हसला, पण काकांच्या डोळ्यांतलं धुकं एकदम वाढलं. आपल्या हातच्या एका आकड्यासाठी कोणी स्वतःचा कान खोटा ठरवतं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाईंनी पेन्सिल नवीच्या हातात दिली. "करा नऊ." मग आपल्या वहीतली मघाची ओळ खोडली आणि म्हणाल्या, "आज संध्याकाळी डॉक्टरकडे. माझी गाडी आहे. काकूंनाही घेऊ."

"आणि वह्या?"

"तुम्ही येईपर्यंत आम्ही चिकटवू. वाईट चिकटवू, पण चिकटवू."

तिसऱ्या खेपेला काका पहिल्यांदाच समोर, प्रेक्षकांच्या खुर्चीत बसले. डोळे मिटून त्यांनी नऊ घरं मोजली. एवढी माणसं होती, पण कागदाचा एक कण हलला नाही. दहाव्याला दुसरी व्हायोलिनं अशी आली की कधी आली ते कळलंच नाही.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन काका सव्वादोन महिन्यांनी कामावर आले. कपाट उघडून बघतात तर प्रत्येक वहीत वेड्यावाकड्या चिठ्ठ्या, कुठे डिंकाचे ओघळ, कुठे दोन पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांना इतकं बरं वाटलं की ते खुर्ची ओढून नुसते बघत बसले. मग चौथ्या स्टँडची वही काढली. स्वच्छ नजरेला स्वतःचा आठ फारच ठळक दिसला. त्यावर काट मारून बाजूला नऊ लिहिलेला होता.

ते नवी चिठ्ठी कापायला लागले तेवढ्यात ती व्हायोलिनवाली आली. चाचणी संपून आता ती कायमची झाली होती.

"राहू द्या ना काका. आम्ही त्यावरच वाजवतो."

काकांनी कात्री खाली ठेवली.

मुद्रण बाजारात आलं तेव्हा ते घरी लावून बायकोसोबत ऐकत बसले. संथ भागात ती जागा आली. काका बोटांवर मोजत होते.

"यात तुमचं काय ऐकू येतंय?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही," काका म्हणाले, आणि तिने मान डोलावून त्यांची बोटं आपल्या हातात घेतली, पण हुंगली मात्र आधी.